शरदातला हरिश्चंद्रगड

उर्दूच्या पुस्तकात तुम्ही ‘खिजां’ हा शब्द अनेकदा वाचला असेल. खिजां आली की बागेतली पाने गळतात, बुलबुल गप्प होतो आणि माळी उदास होतो. उर्दू शायरीत खिजां म्हणजे दुःखाचे दिवस. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण एक निराळेच पाठ करतो : ‘ऑटम’ म्हणजे उर्दूत खिजां आणि मराठीत शरद. आता मराठीतला शरद पाहा. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे महिने. पाऊस थांबलेला असतो, आकाश निळे असते, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी हे सण याच दिवसांत येतात. त्यात उदासपणाचे नावसुद्धा नाही. मग एकाच ऋतूबद्दल दोन भाषा इतक्या वेगळ्या का बोलतात?

आमच्या शाळेची सहल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हरिश्चंद्रगडावर गेली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आमच्या पायाखालीच सापडले.

हा गड आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. राहुरीहून आम्ही पहाटे अंधारात निघालो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशी गावे मागे पडली. राहुरीकडचा ऊस आणि काळी सपाट जमीन संपली आणि भाताची खाचरे दिसू लागली. भात पिकायला आला होता, त्यामुळे काही खाचरे हिरवी तर काही पिवळी झाली होती. उतारावर खुरासणीची शेते पिवळ्याजर्द फुलांनी भरली होती. आमच्यातल्या कित्येक मुलांनी खुरासणीचे पीक प्रथमच पाहिले. तिच्या बियांपासून तेल काढतात.

पाचनई हे गडाच्या पायथ्याचे गाव. तेथून चढण सुरू होते. वाट दाखवायला गावातले एक वयस्कर गृहस्थ बरोबर आले. मुले त्यांना ‘मामा’ म्हणू लागली. थोडे चढल्यावर एका मुलाने विचारले, “सर, लाल पाने कोठे आहेत? चित्रात तर सगळी झाडे लाल-पिवळी असतात.”

खरेच, आजूबाजूचे एकही झाड लाल नव्हते. सारे रान हिरवेगार होते.

खिजां हा फारसी शब्द आहे. तो थंड मुलखातून आपल्याकडे आला. काश्मीरमध्ये या ऋतूला ‘हरूद’ म्हणतात. श्रीनगरच्या नसीमबागेतले चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आधी पिवळे आणि मग लालभडक होतात. असे का होते? दिवस लहान होतात, थंडी वाढते आणि झाड पानांतले हरितद्रव्य तयार करणे थांबवते. हिरवा रंग ओसरला की त्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. काही झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. मग पाने गळतात आणि बर्फाचे दिवस येतात.

सह्याद्रीत झाडाला थंडीपेक्षा तहानेची काळजी जास्त. येथे पाने गळतात ती बहुधा जमिनीतले पाणी आटू लागल्यावर, म्हणजे हिवाळा सरताना. आश्विनात जमीन ओली असते, मग झाडाने पाने का टाकावीत? म्हणून आपल्याकडचे शरदाचे रंग फांद्यांवर शोधू नयेत. ते जमिनीवर असतात.

आणि काय ते रंग! वाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती. तिची फुले लहान, पिवळी, पण इतकी दाट की उतारावर कोणी पिवळी चादर वाळत घातली आहे असे वाटावे. तिच्यामध्ये गुलाबी तेरडा होता. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. थोडेच दिवस टिकणाऱ्या उत्साहाबद्दल ती वापरतात. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फट्‌कन फुटते आणि बिया दूर उडतात. हा खेळ मुलींना फार आवडला. पुढे कवल्याची फुले दिसली. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, म्हणून हल्ली त्याला ‘मिकी माऊस’ असेही म्हणतात. जुने नाव मला जास्त आवडते.

वरच्या ओल्या कातळावर निळीजांभळी इवलीशी फुले होती. त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. आसवे म्हणजे उर्दूतले आँसू. एवढे नाजूक नाव, पण ही वनस्पती कीटक खाते! कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि त्यात पोषण फार थोडे. म्हणून ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडते आणि त्यांच्यापासून अन्न मिळवते.

मामांनी कारवीची झुडपे दाखवली. कारवीला सात-आठ वर्षांतून एकदाच फुले येतात. त्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांची चंगळ होते आणि बी धरल्यावर झुडूप मरून जाते. आम्ही गेलो त्या वर्षी फुले नव्हती. तिच्या सरळ काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमाती लिंपतात आणि घराच्या भिंती उभारतात, असे मामांनी सांगितले.

गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आणि केदारेश्वराची गुहा पाहण्यासारखी आहेत, पण त्यांच्याविषयी लिहायचे तर वेगळा पाठच लागेल. जेवण उरकून आम्ही कोकणकड्यावर गेलो. हा प्रचंड कडा आतल्या बाजूला वळलेला आहे. दरीत धुके आणि पाठीशी सूर्य असला, तर येथे कधीकधी पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आम्ही बराच वेळ थांबलो, पण धुके काही आले नाही.

परतताना मुले छायाचित्रासाठी सोनकीच्या ताटव्यात बसायला निघाली. मामांनी त्यांना हाताने अडवले.

“बसू नका रे पोरांनो तिथं. आत्ता झाड मोडलं तर बी कुठून पडायचं? मागं या उतारावर गुडघाभर फूल असायचं. आता माणसं येतात, तुडवून जातात.”

मुले वाटेवरच उभी राहिली आणि छायाचित्र तेथेच काढले. मामांचे म्हणणे अगदी खरे आहे. यांतल्या बहुतेक वनस्पती एका पावसाळ्यापुरत्याच जगतात. पाऊस थांबल्यापासून माती वाळेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात त्यांना फुलून बी धरायचे असते. बी पडलेच नाही तर पुढच्या वर्षी तेथे उघडी माती दिसणार. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, पण प्रत्येक फुलापाशी पहारेकरी कसा उभा करणार?

उतरताना मंगळगंगेचा ओहोळ सोबत होता. तो गडावरून निघतो आणि खाली मुळा नदीला मिळतो. मुळा याच डोंगररांगेत उगम पावते. हे सांगताच मुले थबकली. मुळेचे पाणी तर आपल्या राहुरीचे! बारागाव नांदूरच्या धरणात सुमारे २६ हजार दशलक्ष घनफूट पाणी मावते. राहुरीला वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. या डोंगरांवर त्याच्या कित्येक पट पडतो. तो नसता तर आपल्या उसाला पाणी कोठून मिळाले असते? एका मुलीने ओहोळात हात घातला आणि म्हणाली, “हे पाणी आपल्यानंतर राहुरीला पोहोचणार!”

कार्तिक संपेपर्यंत सोनकी वाळते. गवत आधी पिवळे, मग तांबूस होते. माघात आपल्याकडची खरी पानगळ सुरू होते. उर्दूतल्या खिजांला मराठीत जोडी शोधायचीच असेल, तर ती शरदापेक्षा शिशिर ऋतूत शोधावी. आणि त्या मुलाला हवी असलेली लाल पानेही सह्याद्रीत मिळतात. होळीच्या सुमारास कोशिंबाचे झाड लालभडक होते, दुरून ते पेटल्यासारखे दिसते. पण ती गळायला आलेली पाने नव्हेत. ती नवी पालवी असते आणि काही दिवसांत हिरवी होते.