वाळवंटातील नदीकाठचे पक्षी व बदलते हवामान

नदीचा पाठ शिकविताना तिचे पाणी शेतांस व गावांस कसे उपयोगी पडते, हे आपण सांगतोच. काठच्या झाडीवर ज्यांचा सारा संसार अवलंबून असतो, त्या पक्ष्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. यासाठी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्या रुक्ष प्रदेशात नदीकाठची हिरवी पट्टी एकूण भूमीच्या शेकडा दोनहूनही कमी आहे. तथापि तेथील बहुसंख्य पक्षी कधी ना कधी तिचाच आश्रय घेतात.

विलो माशीमार हा चिमणीएवढा पक्षी ओलसर जमिनीवरील दाट झुडपांत घरटे बांधतो. पिवळ्या चोचीच्या कोकिळास कॉटनवुड व विलो यांची उंच राई लागते. (विलो म्हणजे आपल्याकडील वाळुंजाचे भाईबंद. हा कोकीळ मात्र आपल्या कोकिळेसारखा नव्हे. तो बहुधा स्वतःचे घरटे स्वतःच बांधतो.) या माशीमाराच्या नैर्ऋत्येकडील उपजातीस १९९५ साली, तर पश्चिमेकडील या कोकिळास २०१४ साली तेथील शासनाने कायद्याचे संरक्षण दिले.

ही राई उगवते कशी, हे समजले म्हणजे संकटाचे स्वरूप कळते. कॉटनवुडचे कापसाळ बी वसंतात उडते व थोड्या आठवड्यांतच निर्जीव होते. तेवढ्या अवधीत पूर ओसरून ओला गाळ उघडा पडला पाहिजे. पुढे जमिनीतील पाणी दिवसास सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंतच खाली जावे. त्याहून वेगाने गेल्यास रोपाचे मूळ मागे पडते व रोप वाळते. उष्णता वाढल्यामुळे पर्वतावरील बर्फ लवकर वितळते, पूर लवकर येऊन जातो आणि बी मागाहून पडते. शिवाय बाष्पीभवनही वाढते. २००० ते २०१४ या काळात कोलोरॅडोचा प्रवाह विसाव्या शतकातील सरासरीहून सुमारे एक पंचमांशाने घटला. त्यास पावसाची तूट जशी कारण, तशीच उष्णताही.

सगळा दोष हवामानाच्या माथी मारणे मात्र योग्य नव्हे. हूवरसारख्या धरणांनी पूर आधीच अडविले होते. रिकाम्या काठावर परदेशातून आणलेला झाऊ माजला. गंमत अशी की, माशीमार या झाऊतही घरटी करू लागला. म्हणून तो सरसकट तोडणेही घातक ठरते.

२०१४ च्या वसंतात मेक्सिकोच्या सीमेवरील मोरेलोस बंधाऱ्यातून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी मुद्दाम बी पडण्याच्या हंगामात सोडण्यात आले. कोरड्या पात्रात काही ठिकाणी विलो व कॉटनवुडची रोपे उगवली, पक्षीही काही काळ वाढले.

वर्गात हे दाखविणे सोपे आहे. बुडाशी भोके असलेल्या दोन उभ्या डब्यांत वाळू भरून मोहरी पेरावी व दोन्ही पाण्याच्या घमेल्यांत ठेवावेत. अंकुर दिसताच एका घमेल्यातील पाणी एकदम काढावे, दुसऱ्यातील रोज बोटभर कमी करावे. आठवड्याने रोपे अलगद उपटून मुलांना मुळांची लांबी पट्टीने मोजावयास सांगावी व ती फळ्यावर मांडावी.