अपघाताची नुकसानभरपाई : निवाडा ते हाती पडणारी रक्कम

रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीस नुकसानभरपाई मिळते, ही गोष्ट आता खेडोपाडी ठाऊक झाली आहे. परंतु निवाडा होणे आणि पैसा हाती येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही. निवाड्याचा कागद मिळताच घरात रोख रक्कम येईल अशा समजुतीने सावकाराकडून कर्ज काढले जाते आणि रक्कम बँकेत ठेव म्हणून अडकली की कुटुंब पेचात सापडते. म्हणून ही रक्कम कोणत्या वाटेने व केव्हा पोहोचते, ते गावच्या जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दाव्याचा आरंभ

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली सुधारणा झाली. अपघाताच्या भरपाईविषयीच्या नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यानुसार भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अपघात जेथे घडला तेथेच अर्ज केला पाहिजे असे नाही. जखमी व्यक्ती जेथे राहते त्या भागातील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांना ही सवलत फार मोलाची आहे.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत द्यावा, असे नियम सांगतात. वाहनाचा विमा, चालकाचा परवाना आणि वैद्यकीय कागदपत्रे या अहवालांत एकत्र येतात. दवाखान्याची बिले व औषधांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात, कारण पावती नसलेला खर्च सिद्ध करणे कठीण जाते.

तडजोड झाल्यास

माहिती मिळाल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणासमोर तडजोडीची रक्कम देऊ करावयाची असते. जखमी व्यक्तीने ती मान्य केली, तर न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि ती नोंद मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत कंपनीने पैसे द्यावयाचे असतात. रक्कम अपुरी वाटल्यास नकार देता येतो. मग सुनावणी होते. लोकअदालतीतही तडजोड होऊ शकते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी पुढील उपचारांचा खर्च व कायमचे अपंगत्व यांचा हिशेब झाला आहे की नाही, हे पाहणे आवश्यक होय. घाईने घेतलेली लहान रक्कम पुन्हा वाढवून मिळत नाही.

निवाडा झाल्यानंतर

सुनावणीअंती निवाडा झाला, तर ज्याच्यावर देण्याची जबाबदारी ठरविली असेल त्याने, म्हणजे बहुधा विमा कंपनीने, तीस दिवसांच्या आत संपूर्ण रक्कम भरावयाची असते. अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. समजा, भरपाई सहा लाख रुपये, सरळ व्याज दरसाल सात टक्के आणि कालावधी दोन वर्षे असेल, तर व्याज चौऱ्याऐंशी हजार व एकूण देणे सहा लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये होते.

रक्कम न भरल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. निवाड्याविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अपिलामुळे विलंब होतो खरा. तथापि स्थगिती देताना न्यायालय रक्कम भरावयास लावून तिचा काही भाग जखमी व्यक्तीस काढू देऊ शकते. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो.

पैसा ठेवीत का राहतो?

भरलेली सर्व रक्कम एकदम हाती पडेलच असे नाही. अज्ञान मुले, निरक्षर व्यक्ती किंवा ज्यांची फसवणूक होण्याचा संभव आहे अशा व्यक्ती यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, व्याज थेट त्यांनाच मिळावे आणि ठेवीवर कर्ज दिले जाऊ नये, अशी सूत्रे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहेत. अज्ञान मुलाची ठेव सामान्यतः तो सज्ञान होईपर्यंत राहते. ही शिक्षा नव्हे, संरक्षण होय. परंतु ही सूत्रे यांत्रिकपणे लावू नयेत, असेही त्या न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव किंवा उपजीविकेचे साधन यांसाठी पैसा हवा असल्यास कागदपत्रांसह न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ठेवीतील रक्कम मागता येते.

वाहनच न सापडल्यास

ठोकर देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यास गंभीर जखमीस पन्नास हजार आणि मृताच्या वारसांस दोन लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर तहसीलदार अथवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. त्यांचा अहवाल एका महिन्यात, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पंधरा दिवसांत आणि त्यानंतर पंधरा दिवसांत बँक खात्यात रक्कम, असा क्रम २०२२ च्या योजनेत ठरविला आहे.

गावाने काय करावे?

न्यायाधिकरणांत भरलेल्या रकमा हक्कदारांनी न नेल्यामुळे पडून राहतात, ही बाब २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. पत्ता बदलतो, वकिलाशी संपर्क तुटतो, निकाल लागल्याचेच कळत नाही. म्हणून अर्जासोबतच जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि खरा पत्ता द्यावा, आणि पत्ता बदलल्यास न्यायाधिकरणास लेखी कळवावे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

ग्रामपंचायतीने गावातील अपघातग्रस्तांची एक साधी नोंदवही ठेवावी : अपघाताची तारीख, अर्जाचा क्रमांक, निवाड्याची तारीख, ठेवीची मुदत. शिक्षकांनी अपघातात आईवडील गमावलेल्या मुलाच्या ठेवीची पावती कोणाकडे आहे, याची चौकशी करावी. अठरा वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी त्या मुलास आपल्या नावावर पैसा आहे हे ठाऊक असले, तरच त्या निवाड्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.