गाडीत पाणी येतंय? आधी वाट मोकळी करा, मग भोक बुजवा

पायाखालची मॅट उचलली तर कार्पेट पिचपिच करतंय. काचा आतून धुरकटतायत, दार उघडलं की कुबट वास येतोय. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत हे व्हायचंच. पण हे काम तुम्हाला घरी जमेल, आणि पत्रा गंजायच्या आत ते करायलाच हवं. शनिवारी गाडी वाळवा, रविवारी गळती शोधा. मृगाचा पाऊस यायच्या आत, कडक ऊन असताना हात घातलात तर उत्तम.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जुन्या गाडीत बहुतेक वेळा नवं भोक पडलेलं नसतं, पाणी बाहेर जायची जुनी वाट तुंबलेली असते. म्हणून सीलंटची नळी शेवटी हातात घ्यायची, आधी नाही.

हे जवळ ठेवा

जुनी वर्तमानपत्रं, टॉर्च, खडू, पाण्याचा पाइप, मग्गा, शाम्पू, दोन सुती फडकी, जुना टूथब्रश, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, नायलॉनचे लांब केबल टाय, स्क्रू ड्रायव्हर, सिलिकॉन स्प्रे, ब्यूटाइल टेप आणि जाड हातमोजे. पाण्याच्या परीक्षेसाठी घरातलं एक माणूस अर्धा तास मदतीला लागेल.

पहिला भाग: पाणी कुठलं, ते ओळखा

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चावी काढून खिशात टाका. इंजिन थंड होऊ द्या, तापलेल्या इंजिनाजवळ हात नेऊ नका.

२. चारही मॅट बाहेर काढून उन्हात पसरा. ओली मॅट परत आत टाकायचा मोह टाळा.

३. कार्पेट तळहाताने दाबून कुठला कोपरा ओला आहे, ते पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. नुसत्या नजरेवर जाऊ नका. वरून कोरडं दिसणाऱ्या कार्पेटखालचा फोम चिंब असू शकतो.

४. ओल्या जागी पांढरा कागद दाबा आणि डाग बघा. रंग हिरवट किंवा गुलाबी असेल, बोटाला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, तर ते कूलंट आहे. मग इथेच थांबा. हीटरकडून गळती आहे, गाडी गॅरेजमध्ये न्या. ते पाणी चाखून बघू नका, विषारी असतं. मुलांना आणि मांजरांनाही लांब ठेवा.

५. कागदावर साधं पाणी आलं, तर ओल कधी वाढते ते आठवा. एसी लावल्यावर वाढत असेल, तर संशय एसीच्या नळीवर. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर वाढत असेल, तर पाणी बाहेरून शिरतंय. नक्की सांगता येत नसेल तरी हरकत नाही, पुढे दोन्ही तपासायचंच आहे.

दुसरा भाग: आधी खडखडीत वाळवा

६. गाडीच्या आतला दिवा बंद करा. दारं दिवसभर उघडी राहणार आहेत. दिवा तसाच राहिला तर संध्याकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

७. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हलक्या हाताने उचकटा. काही गाड्यांत ती स्क्रूने बसवलेली असते, म्हणून आधी स्क्रू शोधा. जुनं प्लास्टिक कडक होतं. थोडा वेळ उन्हात तापू दिलंत तर क्लिप तुटत नाहीत.

८. कार्पेटची कड उचलून खाली हात घाला. हातमोजे आत्ताच चढवा, पत्र्याच्या कडा धारदार असतात. सीटखाली वायरी दिसल्या तर ओढू नका. पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर त्याला हातच लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

९. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या जाड घड्या सारा. तासातासाने बदला. भिजलेला कागद तसाच राहिला तर तोच ओल धरून ठेवतो.

१०. दारं आणि डिकी उघडी टाकून गाडी दिवसभर उन्हात ठेवा. सगळं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधीच ओलं असलेल्या जागी नवी गळती दिसणार कशी?

तिसरा भाग: तुंबलेल्या वाटा मोकळ्या करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे घाई नको.

११. बॉनेट उघडून पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली असलेली जाळी शोधा. मेकॅनिक तिला काऊल म्हणतात. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल, तर तिथे पाकळ्या आणि इवल्या पानांचा लगदाच सापडेल.

१२. तो कचरा हाताने उचलून बाहेर काढा. पाइप लावून आत ढकलू नका. खाली निचऱ्याची भोकं आहेत, लगदा तिथेच जाऊन बसेल.

१३. काऊलच्या दोन्ही टोकांची भोकं टॉर्चने शोधा आणि त्यांत केबल टाय हळूहळू आत-बाहेर करा. लोखंडी तार घेऊ नका. तारेने रंग निघतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

१४. मग्गाभर पाणी काऊलच्या एका टोकाला हळू ओता. ते पुढच्या चाकामागून किंवा गाडीच्या पोटाखालून धार धरून पडायला हवं. वर साचून राहिलं, तर १३वी पायरी पुन्हा करा. मग दुसऱ्या टोकालाही ओता.

१५. आता दार उघडून खालच्या कडेवर बोट फिरवा. तिथे दोन-तीन चिरा किंवा भोकं लागतील. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, ते याच भोकांतून बाहेर जातं. पाणी इथून गळतंय असं समजून ही भोकं कधीही बुजवू नका!

१६. आइस्क्रीमच्या काडीने भोकांतली माती खरवडून काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रंग उडेल. काडी आत जाताच काळं पाणी भळभळा बाहेर आलं, तर तुमच्या गळतीचं अर्धं उत्तर सापडलं.

१७. दार लावा, काच पूर्ण वर करा आणि काचेच्या मुळाशी, बाहेरच्या रबरावर मग्गाभर पाणी ओता. क्षणभरात ते दाराखालून टपकायला हवं. चारही दारांवर हे करून बघा. मागच्या दारांकडे सहसा कुणी बघत नाही, तिथेच जास्त माती निघते.

१८. आता एसीची नळी. गाडी उघड्यावर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि एसी पंधरा-वीस मिनिटं लावा. दमट हवेत गाडीखाली थेंब पडायला हवेत. बंद गॅरेजमध्ये हे करू नका, एक्झॉस्टचा धूर जिवावर बेततो.

१९. थेंब पडले नाहीत, तर इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या भिंतीवर खालच्या बाजूला बोटाएवढी रबरी नळी शोधा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती डाव्या बाजूला असते. ओल डाव्या सीटच्या पायाशी असेल, तर हिच्यावर दाट संशय. नळी वरून हाताला लागत नसेल तर जॅकवर चढवलेल्या गाडीखाली शिरू नका, गॅरेजच्या रॅम्पवर करून घ्या.

२०. नळीच्या तोंडात केबल टाय दोन-तीन इंच घालून हळूच फिरवा. जोर लावू नका. आत कूलिंग कॉइलचं पातळ अॅल्युमिनियम आहे, त्याला टोक लागलं तर मोठा खर्च.

चौथा भाग: दाराचं रबर तपासा

२१. दाराच्या चौकटीवरचं रबर, म्हणजे बीडिंग, शाम्पूच्या पाण्याने पुसा. खाचेतली माती टूथब्रशने काढा. पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं.

२२. वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ओढताना अडली पाहिजे. अलगद सुटली, तर तिथे रबर बसतच नाहीये. वीतभर अंतरावर पट्टी सरकवत सगळं दार तपासा आणि सैल जागेवर खडूची खूण करा.

२३. खुणेच्या जागी सुटलेलं रबर तळहाताने ठोकून कडेवर बसवा. ताणून बसवू नका आणि जास्त वाटतंय म्हणून कापू तर मुळीच नका. कापलेलं रबर पुढे आखडतं आणि सांध्यात फट पडते. रबर फाटलं असेल किंवा दाबल्यावर परत फुगत नसेल, तर नवं आणा. दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगा.

२४. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून फडकं रबरावर फिरवा. थेट फवारू नका, काचेवर उडालं की वायपर तेलकट रेघा ओढतात. इंजिन ऑइल किंवा ग्रीसने रबर खराब होतं, ते लावू नका.

पाचवा भाग: पाण्याची परीक्षा

२५. मदतीच्या माणसाला टॉर्च देऊन आत बसवा आणि काचा बंद करा. कार्पेट उचललेलंच राहू द्या.

२६. खडू कुटून त्याची पूड उघड्या पत्र्यावर भुरभुरवा. पाण्याचा थेंब उतरला की पुडीत ओघळ उठून दिसतो, वाट लपत नाही.

२७. पाइप लावून बारीक धार उंबऱ्यावर, दाराच्या अगदी खालच्या भागावर तीन मिनिटं धरा. सुरुवात नेहमी खालून. छतावरून सुरुवात केलीत तर सगळीकडे एकदमच पाणी जाईल आणि काहीच कळणार नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो.

२८. आतल्या माणसाला विचारा, "आलं का?" आलं नसेल तर दोन मिनिटं थांबून धार काचेच्या मुळाशी न्या. मग काऊलवर, मग पुढच्या काचेच्या कडांवर, शेवटी छतावर. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. मागचा कोपरा ओला असेल, तर डिकीच्या रबरावर आणि मागच्या दिव्यांभोवतीही धार धरा.

२९. पाणी दिसताच धार बंद करून बाहेरच्या जागेवर खडूने फुली मारा. पाणी आत जिथे दिसतं, तिथे ते शिरलेलं नसतं. पत्र्यावरून घरंगळत ते दोन हात लांब जातं. म्हणून फुली धारेच्या जागी मारायची, ओघळाच्या जागी नाही.

आत कुठेच पाणी आलं नाही? मग वाटा मोकळ्या करूनच काम झालं. डबकं लागल्यावरच पाणी येत असेल तर ३२वी पायरी बघा, नाहीतर सरळ ३४व्या पायरीवर जा.

सहावा भाग: आता बुजवा

३०. फुली दारावर असेल, तर दाराचं आतलं पॅड काढा. आधी हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू शोधून काढा, मग क्लिपा सोडवा. एखादा स्क्रू राहिला आणि पॅड ओढलंत, तर ते तडकतं.

३१. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा बघा. कडा सुटल्या असतील तर जुना चिकटा पुसून ब्यूटाइल टेपने पुन्हा चिकटवा. खालची कड आधीसारखीच दाराच्या आत वळलेली हवी, म्हणजे पाणी दारातच उतरेल. फाटका पडदा सेलोटेपने जोडू नका, पहिल्या पावसातच सुटतो.

३२. पाण्याचं डबकं लागलं की पायाशी पाणी येतं, असं असेल तर तळाच्या पत्र्यातली गोल रबरी बुचं तपासा. निसटलेलं बसवा, चिरलेलं बदला. भोकाचा व्यास मोजूनच दुकानात जा. पत्र्याला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्याने उघडा पत्रा गंजतो.

३३. फुली पुढच्या काचेच्या कडेला असेल, तर काच बसवणाऱ्या कारागिराकडे जा. वरून सीलंट फासलंत तर पाणी आतच अडकतं आणि काचेखालची चौकट गंजते. हे एक काम घरी करू नका.

३४. उघड्या पत्र्यावर गंजाचे ठिपके असतील तर सँडपेपरने घासून प्रायमर मारा, मग रंग. स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत जात असेल, तर तो पोखरलाय. वेल्डिंगवाल्याला दाखवा.

३५. दुसऱ्या दिवशी पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या. तीच जागा, तीच धार, तितकीच मिनिटं. कार्पेट अजून बसवू नका.

३६. सगळं कोरडं राहिलं की कार्पेट, उंबऱ्याच्या पट्ट्या आणि मॅट या क्रमाने परत बसवा. मॅट ब्रेक-क्लचच्या पेडलखाली अडकत नाही ना, हे पाय ठेवून बघा.

पावसाळाभर

दर रविवारी पाच मिनिटं द्या. काऊलमधली पानं उचला, दाराखालच्या भोकांत काडी फिरवा, मॅटखाली हात घाला. हात कोरडा निघाला, तर तुमच्या जुन्या गाडीचा तळ आणखी एक पावसाळा गंजावाचून काढेल. ओला निघाला, तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा ११व्या पायरीवर या.