साखर की तंतू? : पातळ थरावरील वर्णलेखनाने कर्बोदकांची ओळख

मधुमेही रुग्णांचे नातेवाईक आमच्या आहारविभागात एक प्रश्न वारंवार विचारतात : “यात साखर आहे का हो?” प्रश्न साधा असला, तरी उत्तर तितके सोपे नसते. उसाची साखर, भातातील पिष्ट आणि इसबगोलाचा भुसा ही तिन्ही ‘कर्बोदके’ या एकाच शब्दात सामावतात. शरीरात मात्र त्यांची गती निरनिराळी. साखर व पिष्ट पचून रक्तात उतरतात. इसबगोल पाणी धरून फुगतो आणि लहान आतड्यातून न पचताच पुढे सरकतो.

अशाच एका प्रसंगी एका वृद्ध रुग्णाच्या कन्या पुडी घेऊन आल्या. बद्धकोष्ठासाठी वडील रोज रात्री संत्र्याच्या स्वादाचे इसबगोल घेत होते. ते सुटे आणलेले असल्याने घटकांची यादी उपलब्ध नव्हती. पथ्य सांभाळूनही त्यांची रक्तशर्करा उतरत नव्हती. पुडीत नेमके काय आहे, हे पाहण्यासाठी थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच पातळ थरावरील वर्णलेखन, ही पद्धती वापरण्यात आली.

मिश्रणातील घटक वेगळे करण्याची ही कल्पना जुनी आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली. १९३८ साली खारकोव्ह येथे इझमाइलोव्ह व श्रायबर यांनी औषधी वनस्पतींच्या अर्कांसाठी काचेवरील पातळ थर वापरला. पुढे जर्मनीतील एगॉन श्टाल यांनी १९५० च्या दशकात या पद्धतीला प्रमाणित रूप दिले. म्हणजे औषधी वनस्पतींची पारख हे या तंत्राचे मूळचेच काम. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियामध्येही वनौषधींच्या ओळखीसाठी ही चाचणी सांगितली आहे.

दात्यांच्या माहितीसाठी नमूद करावेसे वाटते की, यास महागडे यंत्र लागत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा थर दिलेली पट्टी (ती साध्या कात्रीनेही कापता येते), झाकणाचे काचपात्र, फवारणी व तापविण्याची पेटी, एवढ्यावर काम भागते. पट्टीच्या तळाशी नमुन्याचे सूक्ष्म ठिपके देतात व शेजारी ओळखीच्या शर्करांचे ठिपके ठेवतात. मग ब्यूटॅनॉल, ॲसेटिक आम्ल व पाणी यांच्या मिश्रणात पट्टीची कड बुडवली, की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा द्रव वर चढतो व शर्करांना आपापल्या वेगाने सोबत नेतो. सिलिकाला अधिक चिकटणाऱ्या शर्करा मागे राहतात. शर्करा मुळात रंगहीन. म्हणून डायफिनिलअमाइन, ॲनिलिन व फॉस्फोरिक आम्ल यांचा फवारा मारून पट्टी तापवावी लागते. मग करडे, तपकिरी, निळसर डाग उमटतात. हा फवारा विषारी असल्याने धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच मारावा लागतो.

पुडीतील भुकटी प्रथम सौम्य मद्यार्कात ढवळली. अशा द्रावणात साखर उतरते, इसबगोलाचा तंतू उतरत नाही. साध्या इसबगोलाची रांग जवळजवळ कोरी राहिली. पुडीच्या रांगेत मात्र सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या रोजच्या साखरेच्या, पातळीवर ठसठशीत डाग उमटला. निरनिराळ्या तीव्रतेच्या साखरेच्या द्रावणांशी डाग ताडून पाहता, वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असावा, असा अंदाज निघाला. डोळ्यांनी केलेला हा अंदाजच. अचूक मोजमापास अन्य पद्धती लागतात.

उरलेला चोथा खरोखर इसबगोल होता का? येथे थोडी अडचण येते. मोठ्या रेणूंची कर्बोदके पट्टीवर चढतच नाहीत; आरंभीच्या ठिपक्यावर ठाण मांडून बसतात. म्हणून मद्यार्काने साखर पूर्ण धुऊन काढल्यावर तो चोथा सौम्य सल्फ्युरिक आम्लात तापवून त्याचे घटक सुटे केले. नंतर बेरियम कार्बोनेट घालून आम्ल मारले, खाली बसलेला साका गाळून टाकला व स्वच्छ द्रावण पट्टीवर दिले. झायलोजचा मोठा व ॲरॅबिनोजचा लहान असे दोन मुख्य डाग मिळाले. इसबगोलाची हीच ठेवण. इसबगोल अस्सल होते, परंतु एकटे नव्हते! याच रीतीने मेथीच्या डिंकातून गॅलॅक्टोज व मॅनोज जवळजवळ समप्रमाणात निघतात, तर गवारीच्या डिंकात मॅनोज सुमारे दुप्पट असते. लसणातील फ्रुक्टोजच्या साखळ्यांना मात्र आम्ल अगदी बेताचे द्यावे लागते, अन्यथा फ्रुक्टोजच नष्ट होते.

कडधान्यांची गोष्ट याहून सोपी. पोटात वायू धरविणारी रॅफिनोज व स्टॅकिओज ही लहान साखळ्यांची असल्याने आम्लावाचूनच पट्टीवर दिसतात. कोरड्या मुगाच्या व मोड आलेल्या मुगाच्या रांगा शेजारी ठेवल्या, तर दुसरीत ते डाग फिके पडलेले आढळतात.

गुळवेलीच्या सत्त्वापाशी मात्र ही पद्धती हात टेकते. सत्त्व हे मुख्यत्वे पिष्ट असल्याने आम्लाने त्यातून ग्लुकोजच निघते, आणि बटाट्याच्या पिष्टातूनही ग्लुकोजच. तेथे पिष्टकणांचा आकार पाहण्यास सूक्ष्मदर्शकच हवा. ‘पट्टीवर ग्लुकोज आले, म्हणून सत्त्व शुद्ध’ असा निर्वाळा कोणी दिल्यास तो मानू नये.

त्या रुग्णास साधे, स्वादविरहित इसबगोल भरपूर पाण्यासोबत घेण्यास सांगण्यात आले. रक्तशर्करा न उतरण्याचे खापर केवळ त्या पुडीवर फोडणे योग्य ठरले नसते. म्हणून औषधांचा फेरविचारही डॉक्टरांनी त्याच भेटीत केला. आपणही घरातील एखादी भुकटी वा चूर्ण दाखविण्यास आणणार असाल, तर दोन चमचे पुरेसे आहेत. मात्र ती मूळ पुडीतच, आणि वेष्टन असल्यास त्यासह आणावी.