एकटीने कोर्टवर जाशील तेव्हा

अगं, पर्सनल कोचिंग लावण्यावरून काकांशी तुझं वाजलंय, हे काकूकडून कळलं. मी कुणाची बाजू घेणार नाहीये, आधीच सांगते. तू म्हणतेस शाळेच्या सरावात काही हाती लागत नाही, काका म्हणतात सर आहेत की शिकवायला. दोघांचंही खरं आहे. साधा हिशेब कर. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर दहा जणी आणि बॉल एक. सगळ्यांना अगदी सारखा वाटून दिला, तरी तुझ्या वाट्याला चार मिनिटं येतात. शाळेच्या सरावाला तर तीस-पस्तीस मुली असतात. रांगेत उभं राहायचं, एक ले-अप मारायचा, परत रांगेच्या शेवटी. सर कितीही चांगले असले तरी तुझा डावा हात ते कधी सुधारणार?

म्हणजे एकटीने सराव हवाच. त्यासाठी दर महिन्याला फी भरायलाच हवी का, ते नंतर बघू.

एकटं असलं की आपण आपोआप जे येतं तेच करत बसतो, आणि तूही तेच करतेस. कोर्टवर पाय ठेवला की पहिला बॉल थ्री-पॉइंट लाइनवरून. बारा-पंधरा मारल्यावर एक पडतो, मग तुला वाटतं आज हात बसलाय. ती लाइन रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे. तुझ्या मनगटात अजून तेवढी ताकद नाही, म्हणून तू बॉल छातीपासून ढकलतेस, कोपर बाहेर जातं, आणि तीच सवय घट्ट होत जाते. सामन्यात समोरची उंच पोरगी असा शॉट आरामात अडवते. एकटीचा वेळ चुकण्यासाठी वापर. कुणी हसायला नसतं, सर ओरडायला नसतात, मैत्रिणींचा पास वाया जात नाही. जे करताना स्वतःची लाज वाटते ते तिथे कर.

तुझ्या बाबतीत ते म्हणजे डावा हात. आपल्याकडे डिस्ट्रिक्टला पोचलेल्या मुलीसुद्धा डावीकडून जाऊन उजव्या हाताने ले-अप मारतात आणि रिंगखाली अडकतात. यावर एक जुना उपाय आहे, मायकन ड्रिल. १९४२ च्या सुमाराला शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाचे तरुण कोच आले. त्यांच्याकडे जॉर्ज मायकन नावाचा पोरगा होता, ६ फूट १० इंच उंच, जाड चष्मा, चाल बेढब. त्याच्याकडून काही होणार नाही असं इतरांना वाटत होतं. मेयरनी त्याला वेगळं काढून दोरीच्या उड्या मारायला लावल्या, नाचाची शिकवणीसुद्धा लावली, आणि रिंगखाली उभं करून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने शॉट मारायला लावले. पुढे हाच मायकन मिनियापोलिस लेकर्सचा आणि त्या काळातल्या बास्केटबॉलचा सगळ्यात मोठा खेळाडू झाला. (नाचाचं मुद्दाम सांगतेय. भरतनाट्यम सोडलंस तेव्हा काकू किती हळहळली होती! पावलांचा तो सराव फुकट गेलेला नाही, हे तिला सांग.)

करायचं असं. रिंगच्या जवळजवळ खाली उभी राहा. उजव्या बाजूला डावा पाय टाकून उजव्या हाताने बॉल बोर्डावरच्या चौकोनाला लाव. जाळीतून येणारा बॉल जमिनीवर पडू न देता पकड, लगेच उजवा पाय डाव्या बाजूला टाक आणि डाव्या हाताने मार. परत उजवीकडे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. खाली आणलास की सामन्यात कुणीतरी तो हिसकावून नेणारच. सुरुवातीला डावीकडचे निम्मे बॉल बोर्डाच्या कडेला लागून दूर पळतील आणि बॉलमागे धावण्यातच तू दमशील. धाव. वेग नंतर येतो, आधी पाय आणि हात यांची जोडी बसू दे.

आता शूटिंग. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, आणि मुलींच्या बॉलचा साधारण २३. म्हणजे रिंगमध्ये जवळजवळ दोन बॉल मावतील एवढी जागा आहे. पण ती वरून बघितली तर. बॉल सपाट गेला की त्याला पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढीच जागा दिसते. म्हणून कमान हवी, आणि कमान पायांतून येते. रिंगपासून चार-पाच फुटांवर उभी राहा, एका हाताने शॉट घे, दुसरा हात फक्त बाजूला टेकलेला. कोपर बॉलच्या खाली, सुटताना मनगट पुढे मोडलेलं, बॉल मागच्या बाजूला फिरत गेला पाहिजे. इथून सलग पडायला लागले की एक पाऊल मागे. फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत पोचायला आठवडे लागले तर लागू देत.

स्टीफन करीचे व्हिडिओ तू बघतेस ना? तो शाळेत असताना कमरेपासून बॉल उचलून शॉट मारायचा. बारीक होता, ताकद कमी होती. त्याचे वडील डेल करी स्वतः एनबीएतले नावाजलेले शूटर. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडला आणि बॉल डोक्याच्या वरून सोडायला शिकवलं. कितीतरी आठवडे त्याला रिंगच्या जवळूनच शॉट घ्यावे लागले, लांबून जमेचनात. तो उन्हाळा त्याला खूप वाईट गेल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय. एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त थ्री त्याच्या नावावर आहेत, पण त्याचे रील बघून आपण शेवटचं तेवढं उचलतो.

आणि एकाच जागेवरून पन्नास-पन्नास शॉट मारत बसू नकोस. १९७८ मध्ये कर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. लहान पिशव्या नेमावर टाकायच्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून नाहीच. शेवटी परीक्षा घेतली तीन फुटांवरून, आणि दुसरा गट सरस ठरला. दर वेळी अंतर बदललं की डोक्याला नव्याने अंदाज बांधावा लागतो, आणि सामन्यात नेमकं तेच करायचं असतं. म्हणून एक शॉट इथून, रिबाउंड घेऊन पुढचा तिथून. फ्री थ्रोचंही तसंच. धापा टाकत असताना दोनच मारायचे, मग परत कोर्टच्या टोकापर्यंत धाव. सामन्यात तुला निवांत उभं करून वीस फ्री थ्रो कोण देणार आहे?

ड्रिबलिंगबद्दल थोडंच सांगते. शंकू मांडून, दोन बॉल घेऊन, पायांमधून गरागरा फिरवणं दिसायला छान असतं, पण त्यातलं बरंचसं मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी असतं. मान वर ठेवून, समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत दोन्ही हातांनी ड्रिबल करता आलं तरी पुष्कळ झालं. स्टीव्ह नॅश कॉलेजात असताना कॅम्पसमध्ये चालताना टेनिस बॉल ड्रिबल करायचा. आपल्या गच्चीवर तेही करता येईल. फक्त दुपारी दोन ते चार नको, खालच्या आजी झोपतात.

एकटीच्या सरावात एक गोष्ट कधीच मिळत नाही, ती म्हणजे समोरची माणसं. कुणी आडवं आलं की काय करायचं, पास कधी सोडायचा, कुणाचा पाय कुठे वळलाय, हे शंकू शिकवत नाहीत. मुंबईच्या नागपाड्याचं नाव ऐकलंयस ना? दाटीवाटीची वस्ती, मोजकी कोर्टं, आणि तिथून भारताच्या संघाला किती खेळाडू मिळाले! अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते. तिथली लहान पोरं मोठ्यांच्या खेळात घुसून, धक्के खाऊनच शिकत आली आहेत. तूही रविवारी कॉलेजच्या मुलींमध्ये जा, हरशील तरी जा. आठवड्यात एकटीचे दोन-तीन दिवस पुरेत. आणि एक दिवस बॉलला हातच लावायचा नाही, ही ताईची आज्ञा समज.

आता कोचिंगचं. लावायचंच असेल तर आधी एक दिवस नुसतं बघायला जा. तो माणूस एका तासात किती मुलींना घेतो? तुझा खेळ बघून काही सांगतो, की सगळ्यांना तेच ते? ‘स्टेटला निवड करून देतो’ म्हणाला तर तिथूनच परत ये. शाळेच्या सरांपासून लपवू नकोस, नाहीतर दोघं दोन शॉट शिकवतील आणि तुझा तिसराच होईल.

आणि हे जरा नीट ऐक, कारण हे तुला घरात कुणी बोलणार नाही. सराव उघड्या कोर्टवर हवा, आजूबाजूला माणसं असताना. कोपर किंवा पाय जागेवर आणायला हात लावायचा तर चांगला कोच आधी विचारतो. न विचारता, उगाच, नको तिथे हात गेला, किंवा रात्री खासगी मेसेज यायला लागले, तर ‘माझाच गैरसमज असेल’ म्हणत थांबू नकोस. त्याच दिवशी मला फोन कर. खेळ सुटेल, घरातले बाहेर जाणं बंद करतील, या भीतीने मुली गप्प बसतात. तुझा खेळ सुटणार नाही, ते मी बघते.

शरीराचंही बोलून टाकते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतायत का, ते मोबाइलवर शूट करून बघ. अशा खेळांत गुडघ्यातली लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि एकदा तुटली की बहुधा अख्खा सीझन जातो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखलं तर दोरीने बांधून खेळायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घे, काकूशी बोलायला लाजत असशील तर मी येते दुकानात. पाळीत बरं वाटत असेल तर खुशाल खेळ. पण सराव वाढला आणि पाळी यायची थांबली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नकोस. बहुतेक वेळा शरीराला खाणं कमी पडतंय, असा त्याचा अर्थ असतो. सरावानंतर डबा उघडायचाच, वजनाच्या गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी काहीही म्हणोत. उंचीची काळजी तर सोडूनच दे. लटकून किंवा पावडर पिऊन ती वाढत नाही.

राहता राहिला बॉल. तुझा आत्ताचा शाळेतून आणलेला सात नंबरचा आहे, मुलांचा. तुझ्या हाताला मोठा आणि जड, निम्मा शॉट तिथेच बिघडतो. सहा नंबरचा घे. सिमेंटच्या कोर्टवर रबराचाच टिकतो, चामड्याचा महागडा नको. घेताना खांद्याच्या उंचीवरून सोडून बघ, कमरेच्या जरा वर उसळला म्हणजे हवा बरोबर आहे. दुकानदार म्हणेल, ‘ताई, सातच न्या, पोरगी वाढतेय.’ त्याला म्हणावं, मापाचाच द्या.