मानेच्या धमन्यांना इजा : पक्षाघातापूर्वीचे मोलाचे तास

अपघातानंतर मूल शुद्धीवर असले, हातपाय हलवीत असले आणि मेंदूचा सी.टी. स्कॅन निर्दोष आला, की सर्वांनाच हायसे वाटते. बहुतेक वेळा ते योग्यही असते. परंतु मानेतील धमनीला इजा झाली असेल, तर पक्षाघात त्याच क्षणी न येता काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी येऊ शकतो. हा मधला अवधी हीच उपचाराची खरी संधी होय.

इजा कशी होते?

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या चार धमन्या मानेतून जातात : दोन कॅरोटिड आणि मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मान जोराने झटकली गेली किंवा तिच्यावर आघात झाला, तर धमनीचा नाजूक अंतःस्तर फाटू शकतो. त्वचेवर कित्येकदा ओरखडाही नसतो. फाटलेल्या जागी गुठळी हळूहळू वाढते. ती धमनी बंद करते किंवा तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकतो.

मुलांमध्ये आणखी एक कारण आढळते. तोंडात पेन्सिल, टूथब्रश किंवा काडी धरून धावणारे मूल पडते आणि ती वस्तू टाळूच्या बाजूला घुसते. तेथून आतली कॅरोटिड जवळच असते. अशा जखमांतून पक्षाघात होणे अतिशय विरळ आहे. म्हणून प्रत्येक मुलाचा स्कॅन करणे उचित नव्हे. मात्र पालकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगितल्याखेरीज त्याला घरी पाठवू नये.

संशय केव्हा घ्यावा?

मानेवर सीटबेल्टचा वळ किंवा दुचाकीच्या चाकात अडकलेल्या ओढणीचा फास. मानेत वाढती सूज. मानेच्या मणक्याचा अथवा कवटीच्या तळाचा अस्थिभंग. एका डोळ्याची पापणी उतरून बाहुली लहान होणे. मेंदूच्या स्कॅनशी न जुळणारी लक्षणे. यांपैकी काहीही आढळल्यास मानेची सी.टी. अँजिओग्राफी करावी.

उपचार व परिणाम

१९९६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथील शल्यचिकित्सकांनी दाखविले, की लवकर निदान व हेपॅरिन यांमुळे कॅरोटिडच्या इजेतील मज्जासंस्थेची हानी कमी होते. १९९९ मध्ये डेन्व्हर येथे इजेच्या पाच श्रेणी ठरविण्यात आल्या. त्या अभ्यासात कॅरोटिडच्या पहिल्या श्रेणीत पक्षाघाताचे प्रमाण ३ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ११, तिसऱ्या श्रेणीत ३३ आणि धमनी पूर्ण बंद झालेल्या चौथ्या श्रेणीत ४४ टक्के होते.

औषध कोणते द्यावे? अंतःस्तर फाटलेल्या २५० रुग्णांवरील २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे आणि हेपॅरिन-वॉर्फरिन यांत लक्षणीय फरक दिसला नाही; तीन महिन्यांतील पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत अल्प होते. मुलांमध्ये सामान्यतः अ‍ॅस्पिरिन दररोज प्रतिकिलो ३ ते ५ मि.ग्रॅ. दिले जाते. कांजिण्या वा फ्लूच्या काळात राय सिंड्रोमचा धोका ध्यानी घ्यावा. डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव असल्यास औषध केव्हा सुरू करावे, हे शल्यचिकित्सकांशी विचारविनिमय करूनच ठरवावे. स्टेंटची गरज क्वचितच भासते. सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी; सौम्य इजा पुष्कळदा भरून आलेली आढळते, तर काही वाढलेल्याही असतात.

पालकांसाठी

मुलाला तोंडात काडी वा ब्रश धरून धावू देऊ नये. रुतलेली वस्तू घरी ओढून काढू नये. उत्तरायणात मांज्याने गळा चिरल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब धरून तातडीने रुग्णालय गाठावे. गळ्याभोवती पट्टी आवळू नये. मानेच्या दुखापतीनंतर तीन दिवस तरी लक्ष ठेवावे. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात वा पाय लुळा पडणे, तोल जाणे, अकारण गुंगी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे यावे, आणि दुखापत कशी झाली ते आवर्जून सांगावे.