कॉलम क्रोमॅटोग्राफी : हाताने शिकावयाची विद्या

मेहरूणहून महाविद्यालयात गेलेली आमची मुले अडतात ती बहुधा प्रयोगशाळेत. ज्याच्या घरात आधी कोणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, त्यास पुस्तकात दोन ओळींत उरकलेल्या कृतीतील खुब्या कोण सांगणार? आम्ही इतिहासाचे असलो, तरी त्या येथे नोंदवितो.

पानांतील रंगद्रव्ये स्तंभातून वेगळी करण्याची ही रीत मिखाईल त्स्वेत यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. रसायनशास्त्रज्ञांनी तिला खरे महत्त्व दिले ते १९३१ नंतर.

पालकाचा अर्क घ्यावा. सिलिका द्रावकात कालवून ओतावी व नळीस टिचक्या देत बसू द्यावी. बुडबुडा वा भेग राहिल्यास रंगाचा पट्टा तिरका उतरतो. द्रावकाची पातळी सिलिकेच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. बहुतेकांचे पृथक्करण बिघडते ते नमुना चढविताना. एक ग्रॅम नमुन्यास तीस ते पन्नास ग्रॅम सिलिका असावी. नमुना अत्यल्प द्रावकात विरघळवून पातळ थरात सोडावा. प्रथम पेट्रोलियम ईथरने पिवळे कॅरोटीन उतरते. मग ॲसिटोन थोडेथोडे वाढवीत गेल्यास हिरवी हरितद्रव्ये निघतात. घाई केल्यास सारेच एकत्र वाहून येते. (दोन्ही द्रावके ज्वालाग्राही, जवळ बर्नर नको.)

उतरणारे द्रावण लहान नळ्यांत क्रमाने जमवावे आणि प्रत्येक नळी टीएलसी पट्टीवर तपासावी. रंगहीन संयुगांसाठी अतिनील दिवा लागतो. ज्या नळ्यांत दोन ठिपके दिसतील त्या फेकू नयेत; त्या एकत्र करून पुन्हा स्तंभावर चढवाव्यात.